तूप संपेपर्यंत टायपिंग

हे सगळं मी स्वतः टाईप करतेय, दोन्ही हातांनी. आधीच सांगून टाकते, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. गेल्या थंडीत मला उजव्या हाताने कुंकवाची डबीसुद्धा उघडता येत नव्हती, आणि आता बघा! मशीन जुनं आहे, ळचं बटण मोडलंय, म्हणून टायपिंग झालं की पेन घेऊन एकेक ळ भरत बसावं लागेल. आई म्हणते, गहू निवडतेस की काय. निवडीन! आज मला कोणी पोतंभर ळ दिले तरी हसत भरीन.

पण हात आला एवढ्यावर हे संपत नाही. मला हाताइतकीच, खरं म्हणजे हाताहून जास्त, माझ्या कचेरीतल्या खुर्चीची भीती होती. ते नीट सांगते.

आमचं मध्य भारताचं सरकार पाखरांसारखं आहे, थंडीत ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. आता ऐकतेय की हे राज्यच मोडून मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला, म्हणजे ही ये-जा पण बंद. पण तेव्हा दिवाळीच्या आसपास अख्खी कचेरी पेट्यांमध्ये भरायची आणि गाडीत बसायची. फायली, शिक्के, शाईच्या बाटल्या, साहेबांच्या खुर्चीची गादी, सगळं! आणि जे जे जाईल त्याची यादी टाईप व्हायची, पाच प्रतींत. एक पेटीच्या आत, एक पेटीवर, एक इथे, एक तिथे, आणि पाचवी कशाला ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. ज्यांनी टायपिंग केलं नसेल त्यांना सांगते, इतक्या कार्बनच्या खालच्या कागदावर अक्षर उमटायला बोट टेकून चालत नाही, हाणावं लागतं. मी हाणायचे. मला आवडायचं! मशीनवर बसलं की मला दुसरं काही सुचायचं नाही, खडखड खडखड, ओळ संपली की टिंग, परत खडखड. आमचे बडे बाबू, म्हणजे आमच्या सेक्शनचे हेड क्लार्क, दारातून ओरडायचे, "अरे भिया, ये बाई टाइप नी कर री, चने भून री है!" आणि मी अजून जोरात भुनायचे.

मी टेम्परेरी होते. आमच्यासारख्या इंदूरच्या टेम्परेरी लोकांना ग्वाल्हेरला नेत नसत. कचेरी उन्हाळ्यात परतली की टायपिंगची परीक्षा होणार, पास होईल तो पक्का, नापास होईल त्याला नमस्ते, असं सांगितलं होतं. घरात पहिल्यांदा कोणी मुलगी कचेरीत जात होती. दादा, माझे वडील, होळकरांच्या वेळेपासूनचे कारकून, संस्थान गेलं, कचेरी बदलली, दादा तेच. त्यांना वाटायचं मी शाळेत शिकवावं. मला वाटायचं, छे! वर्गात मुलं आपल्याला गप्प बसवतात, मशीन कधी गप्प बसवत नाही.

तर त्या दिवाळीच्या आधी याद्या टाईप करता करता उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग मानेतून एक तार निघाली, खांद्यावरून, कोपरातून, थेट अंगठ्यापर्यंत, आणि त्या तारेत कोणी करंट सोडावा तसं. मी म्हटलं, पेट्या जाऊ देत, मग आराम. पेट्या गेल्या. करंट राहिला.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आई, दादा, मी आणि काकू, एवढेच आम्ही. काकू म्हणजे दादांच्या मोठ्या भावाची बायको, काका गेल्यापासून आमच्याकडेच असतात, माहेर देपालपूरचं. या तिघांनी मिळून माझ्या हातावर जे जे प्रेम केलं ते ऐका. आईने गरम विटेचा शेक दिला. काकूंनी बिब्बा घातला, त्याचे फोड उठले, मग फोडांवर लोणी. दोघींनी मिळून दृष्ट काढली, मिरच्या जळल्या तरी ठसका लागला नाही म्हणून दोघी एकमेकींकडे अशा बघायला लागल्या की मीच घाबरले. दादा मला एका पहिलवानाकडे घेऊन गेले, अखाड्यात, हाड बसवतो म्हणून त्याचं नाव होतं. त्याने हात धरून असा झटका दिला की कट्ट आवाज झाला. "बैठ गई," तो म्हणाला. मी म्हटलं, "क्या बैठ गई, पहिलवानजी?" तो म्हणाला, "जो उठी थी." दुसऱ्या दिवशी मला वेणी घालता येईना.

मग हाताचा फोटो काढला. हाडं एकदम उत्तम! डॉक्टर साहेबांनी दादांना अभिनंदन केल्यासारखं सांगितलं. दादा तांग्यात बसल्यावर हळूच म्हणाले, "फोटोत तर काही नाही." एवढंच. त्यांना वाईट म्हणायचं नव्हतं, मला माहिती आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला असं वाटलं की मी खोटी आहे. हात आतून जळत होता आणि कागदावर तो उत्तम होता.

तर मग उपाय राहिला एकच, आराम. आणि आमच्याकडे आराम म्हणजे काय, विचारू नका! आईने जुन्या लुगड्याची झोळी शिवून हात गळ्यात बांधला. वेणी आई घालायची, ताट काकू कालवून द्यायच्या, मी डाव्या हाताने चमच्याने खायचे. पाणी प्यायला उठले तरी दोन्हीकडून "अगं अगं अगं!" संक्रांतीला शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या, तर मी तिळगूळ डाव्या हातात घेतला म्हणून एक आजीबाई चिडल्या, आणि आईने त्यांना हाताची अशी काही कथा सांगितली की त्या माझ्यासाठी नवस बोलायला निघाल्या. हात घरी पाहुणा होता. पाहुण्याला कोणी काम सांगतं का?

पण मी बसणारी होते का? अधूनमधून एखादा दिवस असा यायचा की सकाळी उठल्यावर हात दुखत नसायचा. बस! त्या दिवशी मी झोळी फेकायचे. घरातली जाळी काढ, पापडांचं पीठ कुटू लाग, आणि दुपारी दादांच्या खोलीतलं ते जुनं मशीन. संस्थानची एक कचेरी बंद झाली तेव्हा लिलावात कोणी बोली लावेना म्हणून दादांनी आणलं होतं, मी त्यावरच शिकले. त्या दिवशी मी त्यावर सगळं भरून काढायचे. आणि दुसऱ्या दिवशी हात परत जळायचा, असा जळायचा की मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मग आठवडाभर पाहुणा. मग परत एक चांगला दिवस. परत सगळं. किती वेळा झालं असेल! दर वेळी मला वाटायचं, या वेळी नक्की बरा झाला.

शेवटी आईला कोणी तरी सांगितलं की पलासियाला एक डॉक्टरीणबाई आहेत, हाडांच्या नाहीत, पण ऐकून घेतात. पलासिया म्हणजे आम्हाला गावाबाहेरच, बंगले आणि झाडं. तांगेवाला म्हणाला, "उधर कौन रहता है अपना?" आम्ही गेलो.

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या होत्या, मराठी अशी स्वच्छ की आमची हिंदी मिसळलेली मराठी ऐकून त्यांना गंमत वाटत होती. त्यांनी फोटो बाजूला ठेवला आणि विचारलं, "रोज या हाताने काय काय करता?"

आई अभिमानाने म्हणाली, "काहीच करू देत नाही हो आम्ही!"

"चांगल्या दिवशीसुद्धा?"

"चांगल्या दिवशी मी करते," मी म्हटलं.

"काय करता?"

"सगळं."

त्या हसल्या. मग मी एकदम विचारून टाकलं, जे दादांना विचारायची हिंमत नव्हती. "माझं दुखणं खोटं आहे का?"

"दुखतंय ना तुम्हाला? मग खोटं कसं? फोटोत हाडं दिसतात, दुखणं दिसत नाही." मग माझा हात हातात घेऊन, न ओढता हं, म्हणाल्या, "हा हात मोडलेला नाही. भेदरलेला आहे. तुम्ही त्याला आठ दिवस कोंडून ठेवता आणि नवव्या दिवशी एकदम जत्रेत सोडता. तो घाबरणार नाही तर काय होईल?"

मला रडायलाच आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी माझी बाजू घेतली आणि वर मला रागावलं पण.

त्यांनी औषध कमी दिलं आणि नियम एक दिला. रोज मशीनवर बसायचं, अगदी थोडा वेळ. दुखलं तरी बसायचं. आणि वेळ संपली की उठायचं, दुखत नसलं तरी उठायचं. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, पण हाताला विचारून नाही, ठरवून.

"किती वेळ?" मी विचारलं.

"दोन मिनिटं."

मला हसूच आलं. दोन मिनिटांत तर मी कागद सरळ करते! त्या म्हणाल्या, "हसू नका. बसणं तुम्हाला जमेल. उठणं जमणार नाही."

आणि खरंच जमेना! पहिल्याच दिवशी समोर भिंतीवरचं घड्याळ ठेवलं, दोन मिनिटं झाली, मी म्हटलं ही ओळ पूर्ण करते. ओळ झाल्यावर म्हटलं, परिच्छेद अर्धा सोडणं बरं दिसत नाही. आई येऊन ओरडली तेव्हा पानभर झालं होतं. दुसऱ्या दिवशी घड्याळाचं तोंड माझ्याकडे नको म्हणून आई बघत बसली, तर आईला फोडणी आठवली. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "घड्याळ काय, ते चालतच राहतं. थांबतं कुठे? तिला थांबणारी वस्तू पाहिजे."

आणि त्या देवघरातून निरांजन घेऊन आल्या.

काकूंच्या हातात बारा महिने कापूस असतो. बोलता बोलता वाती वळत असतात, गप्पा मारता मारता फुलवाती करतात, त्या फुलासारख्या उभ्या वाती असतात ना, तुपात बुडवून निरांजनात ठेवायच्या, त्या. त्यांनी एक फुलवात ठेवली, चमच्याच्या टोकावर येईल एवढंसं तूप घातलं, मशीनशेजारी निरांजन ठेवलं आणि लावलं. "तूप संपलं की दिवा शांत होईल," त्या म्हणाल्या, "आणि दिवा शांत झाला की तू उठायचंस. देवाचा दिवा आहे. त्याच्यापुढे ओळबिळ चालणार नाही."

गंमत म्हणजे, चालली नाही! घड्याळाला मी फसवू शकत होते, पण दिवा मावळताना बघितला की बोटं आपोआप उचलली जायची. लहानपणापासून तसंच शिकवलंय ना, दिवा जाताना हात जोडायचे. मग हात जोडलेले असताना टाईप कसं करणार?

दादा संध्याकाळी त्यांच्या कचेरीतून आले (ती बाराही महिने इंदूरलाच असते), निरांजन बघितलं, चष्मा काढून पुसला, परत घातला. "टायपिंगला तूप लागतं, हे मी पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले. "संस्थानात असतं तर याचं वेगळं खातं उघडलं असतं."

"भावोजी, तूप माझ्या भावाचं आहे," काकू म्हणाल्या. देपालपूरहून त्यांच्या भावाच्या घरून घरच्या म्हशीच्या तुपाचा डबा यायचा. "तुम्ही फक्त वास घ्या."

दादांनी खरंच घेतला. त्यानंतर रोज आल्यावर ते आधी विचारायचे, "आज कितीचं तूप झालं?" हाताबद्दल नाही विचारायचे, तुपाबद्दल. पण मला कळायचं. फोटोनंतर त्यांना हाताबद्दल कसं विचारावं ते कळत नव्हतं, तुपाने त्यांची सोय केली.

आणि टाईप काय करायचं? पहिले काही दिवस मी जुनी वर्तमानपत्रं उतरवली, मग कंटाळा आला. काकू शेजारीच बसलेल्या असायच्या, वाती वळत, आणि त्यांचं तोंड चालूच, तर मी त्या बोलतात तेच टाईप करायला लागले. देपालपूरच्या मंडीत गव्हाचा ढीग किती उंच असायचा. त्यांच्या भावजयीची कढी कशी फाटते आणि तरी तिला कोणी काही म्हणत नाही. "हे पण लिहिलंस?" काकू विचारायच्या. "लिहिलं." "भावजयीचं खोड मग." मी खोडायचे नाही. ते कागद आई डब्यांच्या फळीवर अंथरायची, त्यामुळे आमच्या हळदीच्या डब्याखाली अजून भावजयीची कढी आहे.

तूप वाढत गेलं. दर आठवड्याला काकू चमच्यात थोडं जास्त घ्यायच्या. दुखायचं, हो. काही दिवस असे की पहिल्या ओळीलाच तार पेटायची, आणि आई दारात उभी राहून तोंडात पदर घालायची, पण मी बसायचे, आणि दिवा शांत व्हायचा आणि मी उठायचे, आणि काही व्हायचं नाही! मतलब, दुखलं, आणि बस दुखलं. दुसऱ्या दिवशी आभाळ कोसळलं नाही. हे मला किती नवीन होतं कसं सांगू. फाल्गुनात माझी वेणी मी घातली. वाकडी. आईने ती दिवसभर सोडू दिली नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती. रंगपंचमीला मी उजव्या हाताने दादांच्या पाठीवर रंग टाकला आणि ते ओरडायचं सोडून म्हणाले, "नेम चांगला आहे."

मग पाडवा आला. कचेरी परत यायला थोडेच दिवस राहिले होते.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, घरात श्रीखंडाचा वास, काकू एकदम खुशीत. म्हणाल्या, चल, नव्या वर्षाची पहिली ओळ मार. निरांजन घेऊन आल्या आणि त्यात तूप ओतलं. चमच्याने नाही. डब्यातून! काठोकाठ!

मी म्हटलं, "काकू, हे तर दुपारपर्यंत जाईल."

"वर्षाचा पहिला दिवा कंजूषपणे लावायचा? वर्षभर कंजुषीच होईल ना मग."

आता सांगा, मी काय करणार होते? सणाच्या दिवशी लावलेला दिवा कोणी फुंकतं का? आमच्या घरात तर रोजचा दिवा पण कोणी फुंकत नाही. आणि खरं सांगू, मला उठायचं पण नव्हतं. काकू त्या दिवशी आपल्या लग्नाचं सांगत होत्या, देपालपूरहून इंदूरला बैलगाडीने आल्या, नवरा कसा आहे ते त्यांनी पदराआडून पहिल्यांदा बघितलं तर तो जांभई देत होता. "माझा जन्म जांभईशी बांधला," म्हणाल्या, आणि हसल्या, आणि मग काकांच्या आठवणीने डोळे पुसले, आणि मी टाईप करतेय, करतेय, दिवा जळतोय, आई आतून पुऱ्या तळतेय. मला इतकं छान वाटत होतं! हात गात होता म्हणा ना.

जेवायला बसले आणि उजव्या हातात पुरी धरवेना.

संध्याकाळपर्यंत मान वळेना. दुसऱ्या दिवशी बोटं सुजली नव्हती, काही नव्हतं, बाहेरून हात तसाच उत्तम, आणि आतून सगळी थंडी परत आली. मी रडले. दुखतं म्हणून नाही. मला वाटलं, गेलं. इतके महिने चमच्या-चमच्याने जमवलं ते एका सकाळी ओतून टाकलं, आणि आता पेट्या येतील, बडे बाबू येतील, परीक्षा होईल, आणि माझ्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल.

आणि माझ्याहून वाईट काकूंचं. त्या निरांजन उचलून देवघरात ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या तुपाने पोरीचा हात नेला. मी आता बसणार नाही." मी म्हटलं, काकू, मीच उठले नाही. ऐकेनात. कापूस पण बाजूला ठेवला. काकूंच्या हातात कापूस नाही हे घरात कोणी कधी बघितलं नव्हतं. दादा त्यांच्याकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते, मग चपला घालून निघाले.

ते पलासियाला गेले होते! एकटेच, उन्हात. परत आले ते घामाघूम, आणि दारातूनच सांगायला लागले, कागद वाचल्यासारखे, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात गेलेला नाही. दचकलाय. पहिल्यापासून सुरू करायचं नाही, आणि बंद तर मुळीच नाही. होतं त्याच्या अर्ध्यावर जायचं. आजच." मग आवाज खाली करून म्हणाले, "मी त्यांना विचारलं, फोटोत दिसत नाही ते खरं असतं का. त्या म्हणाल्या, तुम्ही एवढ्या उन्हात कशाला आलात मग?"

मी उठून डाव्या हाताने त्यांना पाणी आणून दिलं.

काकू उठेनात. दादा बिचारे दारात उभे. आणि मग, हे मी कधी विसरणार नाही, आई उठली. माझी आई, जिने झोळी शिवली, जी मला पाण्याचा पेला उचलू देत नव्हती, जी टायपिंगच्या वेळी दारात पदर चावत उभी राहायची. ती देवघरात गेली, निरांजन आणलं, काकूंच्या डब्यातून एक फुलवात काढली, कात्रीने अर्धी केली, थोडंसं तूप घातलं, आणि मला म्हणाली, "बस मशीनवर."

"आई, दुखतंय गं."

"माहिती आहे. बस."

काडी पहिल्यांदा पेटली नाही. दुसऱ्यांदा पेटली. मी बसले. एकेक अक्षर, एकेक अक्षर, जसं कोणी पहिल्यांदा शिकतं. काकू पाठमोऱ्या बसलेल्या, पण कान इकडे. मी काही टाईप करायला नाही म्हणून काकूंची जांभईची गोष्ट परत पहिल्यापासून टाईप करायला घेतली आणि मोठ्याने म्हणायला लागले. मुद्दाम चुकवून. "नवरा पहिल्यांदा बघितला तर तो शिंकत होता—"

"जांभई!" काकू तिकडूनच म्हणाल्या. "शिंकणारा माणूस कसा का असेना, जागा तरी असतो."

आई हसली. तेवढ्यात दिवा शांत झाला. मी उठले. काकूंनी कापूस परत मांडीवर घेतला.

या वेळी आठ दिवस नाही लागले. तीन-चार दिवसांतच तार मंद झाली. मग मला कळलं, अगदी आतून कळलं, की हात मोडत नाही, रुसतो. आणि रुसलेल्याला कसं वागवायचं ते आमच्या घरात सगळ्यांना येतं.

कचेरी आली. त्याच पेट्या, त्याच याद्या, अजून एक-दोन प्रतींचा पत्ता नाही. परीक्षेला आम्ही सगळे टेम्परेरी एका हॉलमध्ये, मीच एक मुलगी. बडे बाबू खिशातलं घड्याळ हातात धरून, "शुरू करो!" आणि हॉलभर खडखडाट. अहाहा! मला तो आवाज ऐकूनच वाटलं, काय वाट्टेल ते होवो, मी इथे आहे ना.

आणि मग मधेच मला जाणवलं, आता उठायला हवं. दिवा नव्हता समोर, पण इतक्या महिन्यांनी अंगाला कळायला लागलं होतं. तार अजून पेटलेली नव्हती, म्हणून तर उठायचं होतं! सगळे हाणतायत, माझा वेग चांगला चाललेला, डावीकडचा माझ्या मागे पडलेला मला दिसतोय. एक ओळ अजून, एक परिच्छेद अजून. खरं सांगते, त्या एका क्षणाइतकं मला त्या सगळ्या वर्षात काही जड गेलं नाही, पहिलवानाचा झटका पण नाही.

मी उठले.

बडे बाबू चष्म्यावरून बघायला लागले. "क्या हुआ बाई, पेपर खतम?"

"नहीं बडे बाबू. हाथ को बिठा रही हूँ."

"घड़ी नी रुकेगी."

"मत रोकिए."

मी खिडकीशी गेले. बाहेर एक तांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता, घोडा पीत नव्हता, तांगेवाला त्याला समजावत होता. मी हात खाली सोडून खांदे फिरवले, मागे सगळ्यांची मशीनं धावतायत, आणि मला वाटलं होतं की मला रडू येईल, पण मला मजाच वाटली. परत येऊन बसले आणि शेवटपर्यंत टाईप केलं. शेवटी दुखलं. ओळखीचं दुखलं.

दोन दिवसांनी बडे बाबूंनी बोलावलं. "बाई, पास हो. पहले वाली रफ़्तार नी रही." मी मान खाली घातली. "पर ग़लती एक भी नी. पहले तो पन्ने पे पन्ना ग़लत निकालती थी." हे मला माहितीच नव्हतं! मग म्हणाले, "कल से वो खिड़की वाली टेबल ले लो. बार-बार उठोगी तो किसी को धक्का नी लगेगा." आणि काही विशेष केलं नसल्यासारखे फायलीत डोकं घातलं. मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं, पण ते म्हणाले असते, ये क्या लगा रखा है.

मी घरी धावत आले. दादा होते, आई होती, काकू ओट्याशी बसून वाती वळत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं, पक्की झाले, खिडकीची टेबल, एक पण चूक नाही. दादांनी विचारलं, नंबर कितवा? कारकून ते, नंबराशिवाय त्यांना चैन नाही.

"चौथी," मी म्हटलं, जरा हळू. "आधी मी सगळ्यांच्या पुढे असायचे."

काकूंनी वात वळता वळता मान वर केली.

"म्हणजे पुढच्या तिघांना घरी कोणी उठवणारं नाही वाटतं," त्या म्हणाल्या. "बिचारे."